स्पीड सेन्सरचा फॉल्ट: ऑटो इलेक्ट्रिशियन की कंपनीचं सर्व्हिस सेंटर?

मोहोळ सोडून सोलापूरकडे येताना माझ्या गाडीचा काटा ऐंशीवरून एकदम शून्यावर आला. गाडी पळतेय आणि मीटर म्हणतंय उभी आहे! दोन-चार मिनिटांनी काटा परत वर. पुढे चेक इंजिनचा दिवा पेटला, गाडीतला दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर कोड आला पी०५००. एका गॅरेजात लगेच गिअरबॉक्सवरचा स्पीड सेन्सर, म्हणजे गाडीच्या वेगाचा सिग्नल देणारा भाग, बदलून दिला. चौथ्या दिवशी तोच कोड पुन्हा हजर.

या कोडचा अर्थ एवढाच, की वेगाचा सिग्नल नीट पोचत नाही. तो सेन्सरमुळे, वायरमुळे की कपलरमुळे (वायरी सेन्सरला जोडणारा प्लग), हे शोधावंच लागतं. म्हणून कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न विचारा: तपासणार कसं?

मॅन्युअल गाडी असेल तर माझं मत चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या बाजूने आहे. माझ्या गाडीला मग असाच एक जण भेटला. त्याने आधी स्कॅनर लावून चालत्या गाडीत वेगाचा आकडा पाहिला. स्कॅनरवर वेग बरोबर आणि फक्त काटा मेलेला असता, तर दोष मीटरकडे गेला असता. इथे दोन्हीकडे शून्य. मग कपलर काढला, चावी ऑन करून मल्टिमीटर लावला. तीन वायरींच्या सेन्सरला सप्लाय आणि अर्थिंग दोन्ही लागतं. सप्लाय गाडीप्रमाणे ५ किंवा १२ व्होल्ट. आमचा सप्लाय वायर हलवली की येत-जात होता. कपलरपासून बोटभर अंतरावर वायर बाहेरून धड, पण दाबली की मऊ लागायची. सोलून पाहिली तर आतली तार हिरवी पडून तुटलेली. तेवढा तुकडा कापून नवीन वायर सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली. काम झालं. नवा सेन्सर मी उगाच घेतला होता.

दोनच वायरी असतील तर तो बहुधा मॅग्नेटिक सेन्सर. त्याचा रेझिस्टन्स मोजतात. मल्टिमीटरने काहीच दाखवलं नाही तर आतली कॉइल तुटलेली, मग बदलण्यावाचून इलाज नाही.

ऑटोमॅटिक गाडीचं मात्र वेगळं. तिथे गिअर कधी टाकायचा हे याच सिग्नलवर ठरतं. पी०७१५ किंवा पी०७२० (गिअरबॉक्सच्या स्पीड सेन्सरचे कोड) आला, गिअर धक्का देत पडू लागले किंवा गाडी एकाच गिअरवर अडकली, तर थेट सर्व्हिस सेंटर गाठा. ब्लूटूथवरचे स्वस्त स्कॅनर गिअरबॉक्सचे कोड बऱ्याचदा वाचतच नाहीत. काही गाड्यांत सेन्सर गिअरबॉक्सच्या आत असतो. ऑइल पॅन उतरवून, नेमकं तेच ऑइल भरून काम करावं लागतं. खर्च जास्त, थांबावंही लागतं, पण इथे पैसे वाचवायला जाऊ नका. अशा अवस्थेत तुळजापूरचा घाट चढायचं धाडस तर नकोच.

काट्याबरोबर एबीएसचा (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दिवाही पेटला असेल तर आधी चाकांचे सेन्सर बघायला सांगा. अनेक नव्या गाड्या वेग तिथूनच घेतात, गिअरबॉक्सवर वेगळा सेन्सर नसतोच.

सेन्सर खरोखरच गेला असेल तर ओरिजिनल घ्या. लोकल माल स्वस्त पडतो, पण फिटिंग सैल असलं तर ऑइल गळतं आणि सिग्नल तुटक येतो. भंगारातला घेऊ नका, त्याने किती उष्णता सोसली हे कोण सांगणार? ओ-रिंग (सेन्सरभोवतीची रबरी रिंग) नवीनच टाकायला लावा. जुना सेन्सर निघाला की त्याचं टोक स्वतः पाहा. बारीक लोखंडी चुरा थोडाफार असतोच, तो पुसून तोच सेन्सर पुन्हा लावून बघता येतो. कचकच लागेल इतके कण असतील तर गिअरबॉक्सच झिजतोय, त्याची तपासणी वेगळी करून घ्या.

बिल देण्याआधी कोड पुसायला लावा, मेकॅनिकला शेजारी बसवून होटगी रोडवर एक फेरी मारा आणि काटा मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघा. काटा दोन-चार किलोमीटर पुढे दाखवेल, ते चालतं.