नवं फ्राइड चिकन: तिथे बसून खावं, घरी मागवावं, की आपली खानावळच बरी?

खारघरमध्ये आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर फ्राइड चिकनचं नवं दुकान उघडलं, त्याला दीड महिना झाला. तेव्हापासून लिफ्टमध्ये रोज कुणी ना कुणी विचारतं, "गेला होतात का? कसं आहे? मुलांना न्यावं का?" आम्ही तिथलं तीनदा खाल्लं. दोनदा तिथे बसून, एकदा घरी मागवून. मधल्या एका रविवारी नेहमीच्या मालवणी खानावळीतही जाऊन आलो, त्यामुळे तिन्हीची चव अजून जिभेवर आहे.

माझं मत आधीच सांगते. चिकनची चव कळायला हवी असेल तर तिथे जाऊन, बसून खा. घरी मागवू नका. आणि बरोबर सासू-सासरे किंवा कुणीही वयस्कर माणूस असेल तर सरळ खानावळीत जा.

आता पहिल्या दिवसाबद्दल. गर्दी टाळायची म्हणून आम्ही बुधवारी दुपारी साडेचारला गेलो. दुकान रिकामं, टोकन लगेच, दोन मिनिटांत ट्रे हातात. पण पीस फोडला तर कवच कडक, नुसतं टणक, आणि ब्रेस्टच्या पीसचं मांस कडेने सुकलेलं. मन खट्टू झालं. काउंटरच्या मागे पाहिलं तेव्हा कारण कळलं: पिवळ्या दिव्याच्या काचेच्या कपाटात तळलेले पीस मांडून ठेवले होते. बहुतेक फास्टफूडमध्ये हे असंच चालतं. गिऱ्हाईक आल्यावर तळायला घेतलं तर हाडासकट पीस शिजायला बारा-पंधरा मिनिटं लागतात, तेवढा वेळ कुणी थांबत नाही. म्हणून आधी घाणा काढतात आणि गरम कपाटात ठेवतात. रिकाम्या दुकानात तो घाणा तसाच पडून राहतो. म्हणजे गर्दी नसलेली वेळ ही आपल्या सोयीची असते, चिकनच्या सोयीची नसते.

तिसऱ्या खेपेला रविवारी सव्वासातला गेलो. लाइन होती, वीस मिनिटं थांबावं लागलं. काउंटरवरच्या मुलाला मी विचारलं, "नवा घाणा कधी निघेल?" तो म्हणाला, "आठ मिनिटं थांबता का ताई, आत्ताच सोडलाय." थांबलो. आणि त्या दिवशी मला कळलं की लोक या पदार्थाच्या एवढे मागे का लागतात. कवचावर बारीक बारीक खवले उभे होते. लेग पीस हातात धरून दाबला तर ते चुरचुर वाजत तुटलं, आतून वाफेचा लोट आला आणि रस मनगटापर्यंत ओघळला. मीठ हाडापर्यंत पोचलेलं होतं. ते वरून भुरभुरवून येत नाही, त्यासाठी मांस आधी कित्येक तास मिठाच्या पाण्यात किंवा ताकात मुरवावं लागतं. मग कोरडं पीठ, मग ओलं, मग परत कोरडं. ओल्या हाताने पीठ चोळताना जे गोळे चिकटतात, त्यांचेच तळल्यावर खवले होतात.

हाडासकट कोंबडी पटकन आणि रसाळ तळणं हे पहिल्यापासूनच अवघड काम. केंटकी राज्यातल्या कॉर्बिन गावात हार्लंड सँडर्स लोखंडी कढईत चिकन तळायचे, तेव्हा गिऱ्हाइकाला अर्धा तास बसून राहावं लागे. १९३९ च्या सुमारास त्यांनी दाबाखाली तळायला सुरुवात केली आणि वेळ एकदम खाली आला. पुढे त्यातूनच केएफसी झालं, आणि भारतात त्यांचं पहिलं दुकान १९९५ साली बंगळुरूला उघडलं. त्या तळणीची यंत्रं वेगळी असतात. आपल्या घरच्या प्रेशर कुकरमध्ये तेल भरून हा प्रयोग कुणीही, कधीही करू नका. दाबाखालचं उकळतं तेल झाकणातून बाहेर आलं तर चेहरा भाजतो. इंटरनेटवर असे व्हिडिओ दिसतात म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

आता घरी मागवलेलं. अ‍ॅपवर अठ्ठावीस मिनिटं दाखवली, यायला चाळीस लागली. पोरगा बिचारा पावसात भिजत आला होता, त्याला काय बोलणार? डबा उघडला तर झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब, आणि कवच मांसापासून सुटून ओल्या पापुद्र्यासारखं लोंबत होतं. हा कुणाचा निष्काळजीपणा नाही. तळलेल्या मांसातून वाफ निघतच राहते, बंद डब्यात ती बाहेर जात नाही आणि कवचच ती शोषून घेतं. कांदाभजी डब्यात भरून प्रवासाला नेली की जे होतं, तेच. फ्राइज तर दहा मिनिटांतच मान टाकतात. तरी मागवायचंच असेल तर आल्याबरोबर पीस डब्यातून काढा, ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर जाळीवर ठेवून सहा-सात मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्ह नको, त्यात कवच आणखी लिबलिबीत होतं. आणि वर डिलिव्हरीचे, पॅकिंगचे पैसे आहेतच. जास्त पैसे मोजून कमी चव, हे मला पटत नाही. दुकान चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर पार्सल स्वतः आणा, आणि झाकण अर्धवट उघडं ठेवून आणा.

खानावळीत हा घड्याळाचा जाच नाही. कोंबडीचा रस्सा अर्धा तास उभा राहिला तर उलट मुरतो. वडे तेवढे गरम लागतात, आणि ते तुमच्या पानात पडेपर्यंत कढईतच असतात. माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. नव्या दुकानात त्यांना बिनपाठीच्या उंच स्टुलावर बसवताना माझाच जीव वर-खाली होत होता. गाणी एवढी मोठी की त्यांना आमचं बोलणं ऐकू येईना. कवच दाताला लागत होतं म्हणून त्यांनी आतलं मांस तेवढं काढून खाल्लं आणि "छान आहे हो" म्हणाल्या, पण मला कळलं. खानावळीत त्याच माणसाने रस्सा-भात मनापासून जेवला आणि वर सोलकढीची दुसरी वाटी मागून घेतली.

पैशाचं म्हणाल तर दोन्हीकडे आम्हा पाच जणांचं बिल जवळपास सारखं, बाराशेच्या आसपास झालं. पण खानावळीतून पोट भरून निघालो. चिकनच्या दुकानातून आल्यावर रात्री दहाला ह्यांनी वरण-भात लावून घेतला. मुलांना मात्र पुरलं, त्यांचं पोट फ्राइज आणि कोल्ड्रिंकनेच भरतं. म्हणून मी त्या दुकानाला जेवण धरत नाही. संध्याकाळचं खाणं म्हणून जा, त्या हिशेबाने ते महाग पडतं हे मनात ठेवून जा.

माझ्या मुलीने एकदा हाडाजवळचा लालसर भाग बघून पीस बाजूला सारला. पुष्कळ जणांना ही शंका येते. ब्रॉयलर कोंबडी जेमतेम सहा आठवड्यांची असते, हाडं कोवळी असतात, आणि शिजताना आतल्या मगजाचा रंग बाहेर झिरपतो. त्यामुळे पूर्ण शिजलेल्या पीसमध्येही हाडाभोवती काळपट-लाल डाग दिसतो. पाहायचं ते मांस: ते पांढरं, तंतुमय असेल आणि हाडापासून सहज सुटत असेल तर निर्धास्त खा. मांस काचेसारखं चकचकीत, रबरी लागलं तर तसाच परत करा, संकोच करू नका.

तेलाबद्दलही नजर उघडी ठेवा. एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलात पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरता येत नाही. आपण काही मोजायला जाणार नाही, पण नाक आणि जीभ सांगते. दारातच खवट वास आला, पीसचा रंग सोनेरीऐवजी काळपट असला, खाल्ल्यावर घशाशी कडसर लागलं, तर तिथे पुन्हा जाऊ नये. या तीन खेपांत आम्हाला तसं काही जाणवलं नाही, हे मुद्दाम नोंदवते. कॅलरीचे आकडे मात्र तिथल्या मेनूवर नाहीत. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या साखळीवरच ते लिहिण्याचं बंधन आहे, आणि हे दुकान तेवढं मोठं नाही. घरात मधुमेहाचं कुणी असेल तर लक्षात घ्या, त्या कवचात भरपूर मैदा आहे.

बरोबर कुणी शाकाहारी असेल तर मोकळेपणाने विचारा: पनीर बर्गर आणि फ्राइज त्याच तेलात तळता का? माझी जाऊबाई शाकाहारी आहे. तिने विचारलं तेव्हा काउंटरवरच्या मुलाने आत जाऊन खात्री केली आणि सांगितलं की फ्राइजची कढई वेगळी आहे, पण पॅटीची नाही. तिने फ्राइज घेतल्या. खरं उत्तर मिळालं याचं मला बरं वाटलं. खानावळीत तिची सोय याहून कमी आहे, डाळ-भात आणि सोलकढीवर भागवावं लागतं.

जाणारच असाल तर रविवारी सातच्या सुमाराला पोचा. गर्दी चढायला लागलेली असते आणि घाण्यामागून घाणे निघत असतात. बोनलेस स्ट्रिप्स मुलांसाठी ठीक, पण मोठ्यांनी थायचा पीस मागावा, त्यात चरबी जास्त, म्हणून तो सुकत नाही. आणि बकेट एकदम घेऊ नका. स्वस्त दिसते, पण सहाव्या पीसला हात घालेपर्यंत तो गार झालेला असतो. आधी माणशी एक घ्या, खाऊन होत आलं की एकाने उठून परत लाइनीत उभं राहावं.