हेडसेटमधून खिद्रापूर आणि पन्हाळा: कोल्हापुरातील एका व्हीआर दालनाविषयी

खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आणि पन्हाळगड व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट लावून दाखवणारे एक दालन कोल्हापुरात सुरू झाले आहे. सातवीला मध्ययुगीन भारताचा इतिहास शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ते पाहावे. मात्र पन्हाळ्याच्या भागात दुरुस्ती झाल्याशिवाय वर्ग तेथे नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खिद्रापूरचा भाग फार चांगला उतरला आहे. मंदिराच्या स्वर्गमंडपाच्या, म्हणजे पुढच्या खुल्या मंडपाच्या, छताला मध्यभागी वर्तुळाकार मोकळी जागा आहे आणि तिच्या बरोबर खाली जमिनीवर गोल शिळा आहे. छायाचित्रात यांपैकी एकच काहीतरी दिसते. येथे मान वर केली की आभाळ आणि खाली केली की पायाखालची शिळा दिसते, त्यामुळे शिलाहार राजघराण्याच्या काळातील कारागिरांनी ही दोन्ही वर्तुळे एकमेकांसमोर कशी मांडली, हे मुलाला कोणी न सांगताही उमगते. यादव राजा सिंघण याच्या शिलालेखापाशी दृश्य थोडे थांबते आणि शिलाहारांची सत्ता जाऊन यादवांची आली, हे निवेदक तेथेच सांगतो. इतिहास दगडावरून वाचायला शिकवण्याची ही रीत मला मनापासून आवडली.

पन्हाळ्याच्या भागात मात्र गंभीर चूक आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातील गड म्हणून जे दृश्य दाखवले आहे, त्यात तीन दरवाजा उभा आहे. गडाच्या या प्रवेशद्वाराचे कमानींचे बांधकाम आदिलशाहीतले असून त्यावर फारसी शिलालेख आहे. शिलाहारांची बांधणी खांब आणि आडव्या तुळयांची होती, हे तर याच दालनात खिद्रापूरला दिसते. पुस्तकात वाचलेली चूक शिक्षकाला खोडता येते, पण आपण स्वतः तेथे उभे राहून पाहिले असे ज्याला वाटते, त्या मुलाच्या मनातून ती काढणे फार अवघड असते. निर्मात्यांनी निदान अंदाजाने उभारलेला भाग वेगळ्या छटेत दाखवावा. १६६० मधील सिद्दी जौहरच्या वेढ्याचे दृश्य तुलनेने संयमी आहे: तटावरून खाली छावण्या दिसतात, पश्चिमेला पावसात हरवलेली विशाळगडाची दिशा दिसते आणि महाराजांनी त्या रात्री केवढी जोखीम पत्करली, हे एकही संवाद न ऐकता कळते.

चष्मा असलेल्या मुलांना हेडसेट नीट बसत नाही. बाकी व्यवस्था ठीक आहे.

पर्यटनाच्या दृष्टीने या दालनाची खरी गरज खिद्रापूरला आहे. पन्हाळा जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला आणि तेथे गर्दी होतेच. अंबाबाई आणि जोतिबाचे दर्शन घेऊन परतणारा प्रवासी मात्र शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठच्या या मंदिरापर्यंत सहसा पोहोचत नाही. स्वर्गमंडप पाहून भारावलेला माणूस दालनाबाहेर येतो, तेव्हा तेथे खिद्रापूरचा नकाशा नाही की एसटीच्या वेळाही लावलेल्या नाहीत. हे दोन फलक आयोजकांनी आधी लावावेत.