गोरिंग–पँगबोर्न की मार्लो–कुकम?

लंडनहून ट्रेनने जाऊन थेम्सकाठी चालायचं, तर दोन्ही वाटा साधारण साडेसहा किलोमीटरच्या. मार्लोसाठी मेडनहेडला गाडी बदलावी लागते, पण पुढची वाट सपाट. आईबाबा सोबत असतील तर हीच घ्या. पाय दुखलेच तर मध्ये बोर्न एंड स्टेशन आहे. तिथल्या रेल्वेपुलाला जोडलेल्या पादचारी पुलावरून नदी ओलांडून कुकमला जायचं.

माझं मत मात्र गोरिंगला. गेटहॅम्प्टनला इंजिनिअर ब्रुनेलचा विटांचा रेल्वेपूल लागतो, मग हार्टस्लॉकच्या झाडीतले चढउतार. गुडघे कुरकुरतात! पुढे नदी बराच वेळ दिसत नाही, एवढीच खोट. व्हिटचर्चच्या पुलावर टोल मोटारींना, चालणाऱ्यांना फुकट. ओलांडला की पँगबोर्न.