एकट्याची होडी की गावाची रापण?

रापण म्हणजे गावाने मिळून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. मालवण, वेंगुर्ले किनाऱ्यावर मासेमारीच्या या दोन्ही रीती आजही दिसतात.

होडी आणि जाळी आपली असली की निर्णयही आपलेच. पहाटे कधी निघायचं, कुठे जाळं टाकायचं, हे कुणाला विचारावं लागत नाही. मिळालेली मासळी पूर्ण आपली. पण ताप आला, जाळं फाटलं, तर त्या दिवशी चूल थंड. डिझेलचा खर्चही एकट्याच्याच माथी.

रापणीत किनाऱ्यापासून होडीने अर्धवर्तुळात जाळं सोडतात आणि दोन्ही टोकं माणसं किनाऱ्यावरून ओढतात. हे एकट्यादुकट्याचं काम नव्हेच. पाण्याचा रंग आणि पक्ष्यांची झेप बघून बांगड्याचा थवा ओळखणारी म्हातारी नजर एकाची, होडी नेमकी वळवणारा हात दुसऱ्याचा, दोर ओढायला तरण्यांचे खांदे आणि भाव करायला बाजार कोळून प्यायलेल्या बायका. ओढण्याचा जोर संपलेल्या म्हाताऱ्याला इथे किंमत असते, कारण त्याची नजर शाबूत असते. मला रापणीतली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

वाटणीवरून कुरबुरी होतात, हे खरं. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसांचे वाटे हे आधी स्पष्ट ठरलेलं बरं. कधी इतकी माणसं असतात की वाट्याला कालवणापुरतेच पेडवे, म्हणजे बारके मासे, येतात.

खोल पाण्यातल्या मोजक्या, महागड्या मासळीसाठी होडी बरी. थवा किनाऱ्याला लागला, तर मात्र मी रापणीचाच दोर धरेन.