विंडोज ११ प्रोमधलं फोल्डर शेअरिंग लहान ऑफिसला पुरतं का?

दहा-बारा कॉम्प्युटरच्या ऑफिसला पुरतं. वेगळा सर्व्हर किंवा नॅस (नेटवर्कला जोडायची फाइल साठवणीची पेटी) न घेता विंडोज ११ प्रोच्या एका मशीनवर सगळ्यांचे फोल्डर ठेवता येतात आणि कोणाला काय दिसावं, कोणी काय बदलावं हे बारकाईने ठरवता येतं. आतली परमिशनची रचना पक्की आहे. बिघडलंय ते तिच्यापर्यंत नेणाऱ्या पडद्यांवर.

फोल्डरवर राइट क्लिक करून ‘शो मोअर ऑप्शन्स’ उघडलं की ‘गिव्ह ॲक्सेस टू’ समोर येतं. ते वापरू नका. हा विझार्ड शेअरची आणि डिस्कवरची, दोन्ही परमिशन एकदमच बदलतो, आणि नक्की काय बदललं ते सांगत नाही. डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्समधला फोल्डर त्यातून शेअर केला, तर अनेकदा ‘युजर्स’ हा वरचा अख्खा फोल्डरच नेटवर्कवर शेअर झालेला आढळतो. शेअर करायचे फोल्डर डी ड्राइव्हवर वेगळे ठेवा आणि प्रॉपर्टीज, शेअरिंग, ॲडव्हान्स्ड शेअरिंग या लांबच्या रस्त्याने जा. डिस्क एनटीएफएस (परमिशन सांभाळणारी विंडोजची डिस्क-रचना) हवी. एक्सफॅट या साध्या रचनेच्या पेनड्राइव्हला किंवा बाहेरच्या डिस्कला सिक्युरिटी टॅबच नसतो.

आता मुख्य भाग. परमिशनचे थर दोन. शेअरच्या थरात रीड, चेंज आणि फुल कंट्रोल एवढंच असतं आणि तो फक्त नेटवर्कवरून येणाऱ्याला लागू होतो. एनटीएफएसचा थर सिक्युरिटी टॅबमध्ये असतो आणि तो मशीनसमोर बसलेल्यालाही लागू होतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींपैकी जो कडक, तो चालतो. त्यामुळे दोन्हीकडे वेगवेगळे नियम लावत बसलात तर महिन्याभराने कोणाला का अडवलं जातंय ते शोधता येत नाही. शेअरवर आपोआप आलेलं ‘एव्हरीवन’ काढून ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ला (म्हणजे खात्याने साइन इन केलेल्या सगळ्यांना) चेंज द्या, ॲडमिनिस्ट्रेटर्सना फुल कंट्रोल द्या, आणि खरी गाळणी एनटीएफएसमध्ये करा. सगळ्यांना फुल कंट्रोल का नको? फाइल तयार करणारा तिचा मालक ठरतो आणि मालकाला तिच्या परमिशन बदलता येतात. शेअरवर चेंजपर्यंतच हक्क असला की नेटवर्कवरून हे करता येत नाही.

एनटीएफएसमध्ये बहुतेकांचं इथे चुकतं: डेटा ड्राइव्हच्या मुळाशीच ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ला मॉडिफाय (वाचणं, बदलणं, पुसणं) दिलेलं असतं आणि ते खालच्या प्रत्येक फोल्डरमध्ये उतरतं. हिशोबाच्या फोल्डरला तुम्ही दोघांची नावं जोडता, पण बाकीचे आधीच आत असतात. सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, ‘डिसेबल इनहेरिटन्स’ (वरून उतरणारे हक्क तोडणं) असं जा आणि दोन पर्यायांपैकी कन्व्हर्टचा निवडा. दुसरा पर्याय वारशाने आलेल्या सगळ्या नोंदी एकदम पुसतो. मग ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ आणि ‘युजर्स’ हाताने काढा. सिस्टम (विंडोजचं स्वतःचं खातं) आणि ॲडमिनिस्ट्रेटर्स राहू द्या, नाहीतर बॅकअपही अडेल. शेवटी आपला ग्रुप जोडून त्याला मॉडिफाय द्या.

ग्रुपच द्या, माणसाचं नाव नको. ‘हिशोब लेखन’ आणि ‘हिशोब वाचन’ असे दोन ग्रुप कॉम्प्युटर मॅनेजमेंटमधल्या लोकल युजर्स अँड ग्रुप्समध्ये करून ठेवले की माणूस आला-गेला तरी फोल्डरला हात लावावा लागत नाही. (होम आवृत्तीत ही खिडकी नाही, प्रो घेण्याचं हे एवढं कारण पुरे.) ग्रुपमध्ये नाव टाकल्यावर त्या माणसाने साइन आउट करून परत यावं लागतं, तोवर जुनेच हक्क चालतात. डिनाय, म्हणजे स्पष्ट मनाईची खूण, शक्यतो लावूच नका. ‘युजर्स’ला डिनाय केलंत तर त्या ग्रुपमध्ये असलेले तुम्ही स्वतःही बाहेर. ज्याला द्यायचं नाही त्याचं नाव यादीत नसणं पुरतं.

फोल्डर असलेल्या मशीनवर सगळ्यांची खाती करताना विंडोज एक खोडी करतं. नवीन युजरच्या पडद्यावर ‘पुढच्या लॉगऑनला पासवर्ड बदला’ ही खूण आधीच लावलेली असते. ती तशीच राहिली तर नेटवर्कवरून आत येता येत नाही, कारण तिथे पासवर्ड बदलायची संधीच मिळत नाही. ती काढा आणि ‘पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स’ लावा, नाहीतर मूळ धोरणानुसार ४२ दिवसांनी पुन्हा तेच. पासवर्ड नसलेलं खातं नेटवर्कवर चालत नाही, पिनही नाही. प्रत्येकाच्या मशीनवर तेच नाव, तोच पासवर्ड ठेवा, किंवा तिथल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोजच्या पासवर्डच्या वहीत) भरून द्या. ‘एरर १२१९’ आली तर त्याच मशीनला आधी दुसऱ्या नावाने जोडणी झालेली आहे. ती तोडून पुन्हा जोडा.

‘बदलू दे, पण पुसू देऊ नको’ ही मागणी प्रत्येक ऑफिसात होते. डिलीटचा हक्क काढून ती पुरी होत नाही. एक्सेल सेव्ह करताना आधी तात्पुरती फाइल लिहितं आणि मग जुनीच्या जागी तिला बसवतं. डिलीट नसेल तर सेव्ह अडतं आणि फोल्डरभर अनोळखी नावांच्या फाइल साठतात. शिवाय नेटवर्कवरून पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही, त्यामुळे रोजच्या बॅकअपला इथे पर्याय नाही.

दुसरा हमखास घोटाळा मूव्हचा. त्याच ड्राइव्हवर फाइल मूव्ह केली तर ती जुन्या परमिशन सोबत घेऊन येते. कॉपी केली तर नव्या फोल्डरच्या घेते. ‘एकच फाइल उघडत नाही’ ही तक्रार आली की आधी हे पाहा. सिक्युरिटी टॅबच्या ॲडव्हान्स्डमधला ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’ टॅब एखाद्या युजरला नक्की काय मिळतंय ते दाखवतो. या सगळ्या सोयीतला तो सर्वात उपयोगी आणि सर्वात कमी उघडला जाणारा पडदा.

विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर प्रोमध्ये एसएमबी सायनिंग (फाइल शेअरिंगच्या प्रत्येक निरोपावर खरेपणाची सही) मुळातच सक्तीचं झालं आणि पाहुणा म्हणून बिनपासवर्डचा प्रवेश बंद झाला. सुरक्षेला चांगलं, पण फोल्डरमध्ये स्कॅन टाकणारी जुनी मशीन त्यामुळे अडतात. सायनिंग सगळ्यांसाठी बंद करण्यापेक्षा स्कॅनरच्या फर्मवेअरचं (आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट आहे का पाहा किंवा स्कॅन ईमेलने घ्या.

मर्यादा खऱ्याच आहेत. एका वेळी २० जोडण्या, त्यात स्कॅनरही धरा. ज्याला हक्क नाही त्यालाही फोल्डरचं नाव दिसतंच. विंडोज सर्व्हरमध्ये ते लपवायची सोय आहे, प्रोच्या पडद्यांवर ती नाही. शेअरच्या नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह लावलं की ते यादीतून गायब होतं, पण नाव माहीत असलेल्याला अडवत नाही. कोणी काय पुसलं याची नोंद ऑडिटिंग चालू करून इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मिळते, मात्र एकेक फाइल उघडल्याच्या नोंदींच्या ढिगातून ती वेचावी लागते. अशी नोंद रोज लागत असेल, किंवा माणसं पंधराच्या वर जाणार असतील, तर पैसे नॅसमध्ये घाला. नाहीतर या मशीनची स्लीप बंद करा, नेटवर्क प्रोफाइल प्रायव्हेट ठेवा, आणि घरून फाइल हव्यात म्हणून राउटरवर ४४५ पोर्ट (फाइल शेअरिंगचं दार) मात्र कधीही उघडू नका. त्यासाठी व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायचा सुरक्षित रस्ता) लावा.