प्लाझ्मातला मायक्रोआरएनए काढायचं किट : दीड बॉक्स वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकते, किट चांगलं आहे. माझी तक्रार त्याच्यासोबत येणाऱ्या पत्रकाबद्दल आहे, आणि त्याहून जास्त खोक्यावर छापलेल्या एका ओळीबद्दल. कंपनीचं नाव लिहीत नाही. या जातीची तीन किट्स मी आजवर हाताळली आणि तिन्हींच्या खोक्यावर थोड्याफार फरकाने तीच ओळ होती : कॅन्सरचं निदान लवकर व्हावं म्हणून.

काम काय, तर 200 मायक्रोलिटर प्लाझ्मा (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारा द्रव) घ्यायचा आणि त्यातला लहान आरएनए 14 मायक्रोलिटर पाण्यात उतरवायचा. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण 22 बेसची चिंधी, ठरावीक प्रथिनं बनणं रोखणारी. (पुढे 'मिर' म्हणजे हाच, शेजारी त्याचा नंबर.) नेहमीच्या आरएनए किटच्या कॉलममधून 200 बेसच्या खालचं बहुतेक सगळं धुऊन जातं. इथे वरच्या पाणेरी थरात दीडपट इथेनॉल घालायचं असतं, त्यामुळे हे लहान तुकडेही सिलिकाला धरून बसतात. हे या किटला उत्तम जमतं. क्लोरोफॉर्म घालून फिरवल्यावर मधला पांढरा थर घट्ट बसतो, टिपेला लागत नाही. एकदा घाईत तोही ओढला गेला आणि कॉलम तुंबला, पण तो दोष माझ्या हाताचा. वॉश बफरच्या बाटल्यांवर 'इथेनॉल घातलं' अशी खूण करायला चौकोन आहे. ज्यांनी शनिवारी संध्याकाळी न घातलेल्या इथेनॉलचा बफर ओतलाय, त्यांना या चौकोनाचं मोल कळेल.

कॅरियर आरएनएची, म्हणजे थोडासा आरएनए वाया जाऊ नये म्हणून सोबतीला घालायच्या आरएनएची, इवलीशी कुपीही सोबत येते. ती घालाच, उतारा वाढतो. मात्र नंतर नॅनोड्रॉपवर (आरएनए किती आहे ते मोजणारं यंत्र) आकडा बघून खूश होऊ नका, तो आकडा कॅरियरचाच असतो. प्लाझ्माच्या बाबतीत नॅनोग्रॅम विसरायचे आणि सगळ्या सॅम्पलचा सारखा व्हॉल्यूम पुढे न्यायचा.

आता माझा पहिला गोंधळ. आरएनए नीट निघाला की नाही हे कळावं म्हणून बाहेरून एक ओळखीचा मायक्रोआरएनए टाकतात (याला स्पाइक-इन म्हणतात), तो सेल-मिर-39. हा एका सूत्रकृमीचा, माणसात नसलेला. (1993 साली पहिला मायक्रोआरएनए सापडला तोही याच कृमीत, आणि त्याबद्दल अँब्रोस आणि रुव्हकुन यांना नोबेल मिळालं 2024 मध्ये. पीएचडी लांबलेल्यांनी एवढ्यावर समाधान मानावं.) मी तो सरळ प्लाझ्मात टाकला आणि मग लायसिस बफर, म्हणजे पेशी फोडून एन्झाइम्स निकामी करणारं द्रावण, घातला. सीटी, म्हणजे पीसीआरच्या कितव्या फेरीला आरएनए दिसू लागतो तो आकडा (जितका लहान, तितका आरएनए जास्त), 20च्या आसपास यायला हवी होती, आली 33. प्लाझ्मात आरएनए खाणारी एन्झाइम्स भरलेली असतात, उघडा आरएनए त्यांच्यापुढे क्षणभरही टिकत नाही. आधी बफर, पाच मिनिटं थांबायचं, मग स्पाइक-इन, हा क्रम आहे. पत्रकात तो आहे, पण पान 11 वर तळटीपेत, मुंगीएवढ्या अक्षरांत.

त्या चुकीने एक गोष्ट मात्र डोळ्यांनी दाखवली. मी टाकलेला आरएनए गायब झाला, पण त्याच प्लाझ्मातले रोग्याचे स्वतःचे मायक्रोआरएनए व्यवस्थित उठले. ते उघडे नसतात. बरेचसे आर्गोनॉट प्रथिनाच्या मुठीत असतात, काही पेशींनी सोडलेल्या पुटकुळ्यांत. म्हणून तर रक्तात कॅन्सरची खूण शोधायचा विचार कुणाला सुचला.

दुसरा गोंधळ मोठा होता, आणि त्यात पत्रकाची काहीच मदत झाली नाही.

आम्ही फुप्फुसाच्या कॅन्सरचे 12 रोगी आणि 12 निरोगी माणसं घेतली होती. बघायचा होता मिर-21. हा ब्रेकचा ब्रेक आहे. पीटेन, पीडीसीडी4 अशी पेशीला आवर घालणारी प्रथिनं बनूच देत नाही, आणि कितीतरी गाठींमध्ये वाढलेला सापडतो. तुलनेसाठी आधार म्हणून मिर-16 धरला, कारण जुन्या पेपरांत तोच धरलेला दिसतो आणि किटच्या पत्रकातल्या नमुना आलेखातही तोच आहे. निकाल आला तो उलटा : रोग्यांमध्ये मिर-21 कमी! दोन दिवस मी मनातल्या मनात पेपरचं शीर्षक रचत होते.

तिसऱ्या दिवशी आमच्या लॅबच्या मॅडमना आलेख दाखवला. त्यांनी आलेखाकडे बघितलंच नाही. "उरलेला प्लाझ्मा आण. पांढऱ्या कागदासमोर धर बघू." मी धरला. निरोग्यांच्या ट्यूब पेंढ्याच्या रंगाच्या. रोग्यांच्या चार-पाच ट्यूब मात्र गुलाबी. अगदी फिकट, पण गुलाबीच.

केमो झालेल्यांच्या शिरा सापडत नाहीत, सुई दोनदा-तीनदा फिरते, रक्त जोर लावून ओढलं जातं आणि तांबड्या पेशी फुटतात. त्या पेशींत मिर-16 आणि मिर-451ए ठासून भरलेले असतात. म्हणजे माझा 'आधार'च रोग्यांमध्ये फुगला होता, आणि त्याच्या तुलनेत बिचारा मिर-21 कमी दिसत होता. गाठीचा यात काही संबंध नव्हता.

मग ज्याने सुरुवात करायला हवी होती ते केलं. 414 नॅनोमीटरला हिमोग्लोबिन मोजलं, आणि मिर-23ए च्या सीटीमधून मिर-451ए ची सीटी वजा केली. मिर-23ए वर हिमोलिसिसचा, म्हणजे तांबड्या पेशी फुटण्याचा, फारसा परिणाम होत नाही. फरक 5च्या आत असेल तर निर्धास्त राहा, 7च्या वर गेला तर रक्त फुटल्याची दाट शंका घ्या. 12 रोग्यांपैकी 7 जण 7च्या वर निघाले, त्यातले दोन डोळ्यांना स्वच्छ दिसत होते. ते सातही काढून, आधार बदलून पुन्हा बघितलं, तर दोन्ही गटांत मिर-21 जवळपास सारखा. शीर्षक गेलं.

गंमत म्हणजे हाच मिर-16 या सगळ्या कहाणीचा पहिला नायक. 2002 साली एका जुनाट रक्तकर्करोगात, सीएलएलमध्ये, 13व्या गुणसूत्राचा एक तुकडा पुन्हापुन्हा गळालेला का सापडतो याचा शोध घेताना तिथे मिर-15ए आणि मिर-16-1 मिळाले. पेशीला मरू न देणाऱ्या बीसीएल2 वर या दोघांचा लगाम असतो. तो गेला की म्हाताऱ्या पेशी मरतच नाहीत, साठत राहतात. लहान आरएनए आणि कॅन्सर यांचा पहिला पक्का धागा हा. आणि आम्ही त्याला फूटपट्टी म्हणून वापरत होतो.

म्हणून खोक्यावरच्या त्या ओळीचा राग येतो. किट आरएनए काढतं, तो कुठल्या पेशीतून आला ते त्याला कळत नाही. मिर-21 साध्या सूजेतही वाढतो. रक्तातल्या खुणेने खरंच काम केलंय ते मिर-371ए-3पी ने, अंडकोषाच्या जर्म सेल गाठींमध्ये. दहापैकी सुमारे नऊ रोगी तो पकडतो, कारण मुळात तो गर्भपेशींचा आहे आणि मोठ्या माणसाच्या रक्तात त्याचं फारसं काही कामच नसतं. तरी टेराटोमा (याच गाठींचा एक प्रकार) असेल तर तोही गप्प बसतो. असा एखादा. बाकी शेकडो 'आशादायक' खुणांमागे किती गुलाबी ट्यूब असतील, देव जाणे.

गुणांचं म्हणाल तर उताऱ्याला पाचपैकी साडेचार. एकाच प्लाझ्मातून तीन वेळा वेगवेगळा आरएनए काढला, सीटीत अर्ध्या फेरीहून कमी फरक. पत्रकाला दीड, तेही हेपरिनच्या नळ्या वापरू नका असं ठळक लिहिलंय म्हणून. हेपरिन कॉलममधून निघत नाही आणि पीसीआर अडवतं, तेव्हा ईडीटीएच्याच नळ्या वापरा. प्लाझ्मा दोनदा फिरवायचं कुठेच लिहिलेलं नाही. दुसऱ्यांदा जोरात फिरवल्याशिवाय प्लेटलेट्स जात नाहीत, आणि त्याही मायक्रोआरएनएने भरलेल्या असतात. कॉलमची झाकणं कडक आहेत, पन्नास उघडली की अंगठा दुखतो. गाठीच्या तुकड्यातून आरएनए काढायचा असेल तर हे किट घेऊ नका, उगाच महागात पडेल. त्याला साधं किट पुरतं.

दुसरा बॉक्स अर्धा संपलाय. त्यातलं पत्रक नवीन आवृत्तीचं आहे, कागद गुळगुळीत, आलेख रंगीत. स्पाइक-इनची टीप अजून पान 11 वरच आहे. मी ती लाल पेनाने गोल करून पत्रक फ्रीजच्या दाराला चिकटवलंय, आणि शेजारी एक कोरा पांढरा कागद.