करवाढीच्या नावाखाली तस्करीची सिगारेट गळ्यात मारली

१ फेब्रुवारी २०२६ पासून सिगारेटवर ४० टक्के जीएसटी लागला, शिवाय लांबीनुसार हजार नगांमागे २,०५० ते ८,५०० रुपये उत्पादन शुल्क. पाकिटं महागली, गिऱ्हाईक कुरकुरू लागलं आणि नेमका तेव्हाच आमच्या पनवेलच्या दुकानात तो सेल्समन आला. "शेठ, इम्पोर्टेड माल, ड्युटी भरलेली. रेट निम्मा, मार्जिन दुप्पट." पहिला माल वेळेवर पोचवला. दुसऱ्यासाठी ४०,००० रुपये आगाऊ घेतले आणि फोन बंद.

पैसे गेलेच, पण खरा घोळ पुढे झाला. तपासणीला आलेल्या साहेबांनी एक पाकीट उचललं, नखाने कडा खरवडली, तर कर्करोगाचं चित्र स्टिकरसारखं सोलून निघालं. खाली परक्या लिपीतला मजकूर. एमआरपी नाही, आयातदाराचा पत्ता नाही. आम्ही बिल दाखवलं, तर त्यावर सिगारेटचा उल्लेखच नव्हता, 'कन्फेक्शनरी' लिहिलं होतं. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला, तो निघाला नोंदणी रद्द झालेल्या कापडदुकानाचा. इशारा नसलेलं पाकीट विकणाऱ्याला २००३ च्या कोटपा (तंबाखू नियंत्रण) कायद्याच्या कलम २० खाली पहिल्याच वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सगळा माल जप्त झाला.

कर चुकवून आणलेल्या पाकिटात सरकारचा हिस्साच नसतो, म्हणून ते इतकं स्वस्त पडतं. म्यानमारच्या सीमेवरून मिझोराममार्गे, नाहीतर न्हावा-शेव्याला दुसऱ्याच मालाच्या नावाने आलेल्या कंटेनरमधून हा माल उतरतो. कर वाढला की तस्कराचा नफा वाढतो आणि धोका मात्र शेवटच्या टपरीवाल्याच्या माथी येतो. म्हणून कर कमी करा, हे मला पटत नाही. तंबाखूने माणसं मरतात. पण बंदरात आणि सीमेवर पहारा कडक हवाच.

दुकानदारांनो, पाकीट हातात घेऊन बघा. दोन्ही बाजूंना ८५ टक्के जागेवर छापलेला इशारा हवा, चिकटवलेला नको. १८००-११-२३५६ हा व्यसनमुक्तीचा नंबर, एमआरपी, कंपनीचा किंवा आयातदाराचा पत्ता हवा. आणि बिलावरचा जीएसटी नंबर पैसे देण्याआधी तपासा. पनवेल-उरण भागात कुणी असाच रेट घेऊन आला, तर आगाऊ रक्कम देऊ नका, थेट पोलिसांना कळवा.